झेडएफएस : स्वतःचे गुणधर्म आणि त्यांचा वारसा

झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत तयार झालेली फाइल सिस्टिम आहे. २००५ मध्ये ती ओपनसोलारिसमधून खुली झाली. तिच्यात डिस्कच्या एका संचावर, म्हणजे पूलवर, एकात एक अशा अनेक फाइल सिस्टिम करता येतात. त्यांना डेटासेट म्हणतात. उदाहरणार्थ, ‘टँक’ हा पूल, त्यात ‘टँक/ऑफिस’ आणि त्याच्या आत ‘टँक/ऑफिस/हिशेब’.

स्वतःचा गुणधर्म म्हणजे काय?

कॉम्प्रेशनसारखे गुणधर्म झेडएफएसचे स्वतःचे असतात. त्याशिवाय वापरकर्ता आपले गुणधर्मही जोडू शकतो. अशा नावात कोलन असावाच लागतो. झेडएफएस हे गुणधर्म फक्त जपून ठेवते, त्यांचा अर्थ लावत नाही. अर्थ लावतात ती बाहेरची साधने. ‘कॉम.सन:ऑटो-स्नॅपशॉट’ हा असाच गुणधर्म. त्याची किंमत ‘फॉल्स’ असली, तर आपोआप स्नॅपशॉट घेणारे साधन तो डेटासेट वगळते.

वारसा कसा चालतो?

वरच्या डेटासेटवर दिलेली किंमत खालच्या सर्वांना मिळते. मात्र खालच्याची स्वतःची किंमत असेल, तर तीच चालते. ‘गेट’ कमांडच्या उत्तरातील ‘सोर्स’ या रकान्यात किंमत कुठून आली ते दिसते : ‘लोकल’ म्हणजे इथेच दिलेली, ‘इनहेरिटेड फ्रॉम’ म्हणजे वरून आलेली.

चूक कुठे होते?

समजा, ‘हिशेब’वर कधीतरी तात्पुरते ‘फॉल्स’ लिहिले गेले. पुढे ‘ऑफिस’वर ‘ट्रू’ केले, तरी ‘हिशेब’ वगळलेलाच राहतो. कोणतीही सूचना येत नाही. एखादी फाइल चुकून पुसली गेली, की मगच कळते की तिचा स्नॅपशॉटच नाही.

अशा वेळी ‘हिशेब’वर ‘ट्रू’ लिहिले, तर आजचे काम भागते. पण ती किंमतही स्थानिकच ठरते आणि वर पुढे केलेला बदल तिथे पोचत नाही. योग्य उपाय ‘इनहेरिट’ कमांड. ती स्थानिक किंमत काढून वारसा पुन्हा जोडते. वर कुठेच किंमत नसेल, तर तो गुणधर्म नाहीसा होतो. गुणधर्म पुसण्याची रीतही हीच.

‘इनहेरिट’ला ‘-आर’ जोडल्यास खालच्या सर्व डेटासेटवरील स्थानिक किमती जातात. मुद्दाम ठेवलेले अपवादही त्यात पुसले जातात. म्हणून आधी ‘गेट’ला ‘-आर’ आणि ‘-एस लोकल’ जोडून अपवादांची यादी पाहावी.

नावाचे स्पेलिंगही तपासावे. अक्षर चुकले, तरी झेडएफएस तक्रार न करता त्या नावाचा नवा गुणधर्म नोंदवते आणि साधन मात्र जुन्याच नावाकडे पाहत राहते.