नाव ‘स्लिप’, आणि दस्तऐवज सांगतो की हा नियम नाही!

आजची गोष्ट एका अशा नियमाची आहे, ज्याच्या शीर्षकातच लिहिलंय की हा नियम नाही.

मला तो भेटला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी. तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आलेली. ग्रुपमध्ये आम्ही तिघं, हातात एक अर्डुइनो उनो, आणि गाईड सरांपुढे आधीच फुशारकी मारून झालेली, की आमच्या बोर्डाला स्वतःचा आयपी ॲड्रेस असेल, तापमान थेट ब्राउझरमध्ये दिसेल. इथरनेट शील्ड मागवली होती, ती निघाली बिघडलेली. बदलून मिळायला आठवडा. उरली फक्त यूएसबीची केबल.

त्या केबलमधून आत काय चालतं, तर जुनीच सीरियल लाइन. एकामागे एक बिट. कोडमध्ये आपण ९६०० लिहितो ना, तो बॉड रेट. हे नाव एमिल बोडो या फ्रेंच तारायंत्रवाल्याचं, ज्याने १८७४ साली आपल्या पाच बिटांच्या संकेताचं पेटंट घेतलं. पुढे १९६० मध्ये अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक आलं, टर्मिनल आणि मोडेम जोडायला. म्हणजे पायवाट जुनीच होती. प्रश्न एवढाच, की तिच्यावरून इंटरनेटची पाकिटं न्यायची कशी? सीरियल लाइनला पाकीट कळतच नाही. तिला फक्त बाइट कळतात, सलग. पाकीट कुठे संपलं हे सांगणार कोण?

१९८४ च्या सुमारास रिक ॲडम्स यांनी बर्कली युनिक्ससाठी यावरचा तोडगा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. मूळ कल्पना थ्रीकॉम कंपनीच्या आधीच्या एका सॉफ्टवेअरमधली. नाव स्लिप, म्हणजे सीरियल लाइन आयपी. आणि युक्ती इतकी साधी, की हसू येतं. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर मागे मोठा एक्स असतो, बघितलाय? तो दिसला की स्टेशनवरच्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण गेली, मध्येच डबे सुटलेले नाहीत. स्लिपमध्ये तो एक्स म्हणजे १९२ हा बाइट. पाकीट संपलं की १९२ पाठवायचा. मग पाकिटाच्या पोटातच १९२ आला तर? त्याच्याऐवजी २१९ आणि २२० अशी जोडी पाठवायची. आणि पोटात २१९ च आला तर २१९, २२१. बस्स. संपला नियम.

१९८८ च्या जूनमध्ये जॉन रॉम्की यांनी हे आरएफसी १०५५ म्हणून लिहून ठेवलं, आणि शीर्षकातच ‘नॉनस्टँडर्ड’ म्हटलं. आतमध्ये उणिवाही मोजून दिल्यात: पत्ता एकमेकांना सांगायची सोय नाही, पाकीट कुठल्या प्रकारचं ते कळत नाही, चूक पकडता येत नाही, आकार दाबून लहान करता येत नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. (हेच रॉम्की १९९० मध्ये इंटरॉप प्रदर्शनात इंटरनेटवरून चालणारा टोस्टर घेऊन गेले होते. पाव मात्र हातानेच घालावा लागायचा!)

या उणिवा भरून काढायला पीपीपी आलं, आणि डायल-अपच्या जमान्यात तेच जिंकलं. पण स्लिप मेलं नाही. तेव्हा पुष्कळांना स्वस्तातलं शेल अकाउंट मिळायचं, नुसती अक्षरं, चित्रं नाहीत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं, तेव्हा इथेही अशी अकाउंटं होती. त्याच वर्षी डॅनी गॅस्परोव्स्की यांनी स्लर्प नावाचा प्रोग्रॅम काढला. शेल अकाउंटवर तो चालवला की तेच अकाउंट स्लिपसारखं वागायचं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर खरंखुरं इंटरनेट यायचं. ॲप बनवणाऱ्यांनो, अँड्रॉइड एम्युलेटरमध्ये आपल्या कॉम्प्युटरला १०.०.२.२ असं लिहिता ना? तो पत्ता स्लर्पच्या वारशातून आलाय.

तर, आमचा बोर्ड. उनोची रॅम २ केबी. आरएफसीमध्ये सांगितलेलं सगळ्यात मोठं पाकीट १००६ बाइटचं, म्हणजे निम्मी रॅम एका पाकिटातच गेली. पण स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांनी लिहिलेलं यूआयपी नावाचं चिमुकलं नेटवर्किंग सॉफ्टवेअर थोडक्या रॅममध्ये बसतं. ते बोर्डावर चढवलं, स्लिपचा भाग मी स्वतः लिहिला, लॅपटॉपवर लिनक्सचं स्लॅटॅच चालवलं, एसएलझीरो नावाचा इंटरफेस उगवला. पिंग केलं. उत्तर नाही.

रात्री दोनपर्यंत तेच. चूक शोधायला मी कोडमध्ये जागोजागी ‘इथे आलो’ असं प्रिंट टाकत होतो, आणि जितकं जास्त प्रिंट, तितकं प्रकरण बिघडत होतं. उनोला सीरियल लाइन एकच! माझं ‘इथे आलो’ त्याच लाइनवरून जाऊन पुढच्या पाकिटाच्या डोक्याला चिकटत होतं, आणि लॅपटॉप ते अख्खं पाकीट कचरा म्हणून फेकत होता.

शेवटी आरएफसी नीट वाचली. त्यात फिल कार्न यांची एक सूचना आहे: १९२ फक्त शेवटी नको, सुरुवातीलाही पाठवा. म्हणजे आधी लाइनवर काही घाण आली असेल तर ती वेगळं खोटं पाकीट होऊन गळून पडते, आणि खरं पाकीट स्वच्छ पोचतं. १९८८ ची सूचना, लाइनवरच्या खरखरीसाठी दिलेली. आमची खरखर म्हणजे मीच होतो.

एक ओळ वाढवली. पिंगचं उत्तर आलं, सुमारे १८० मिलिसेकंदांत. ९६०० वर त्याहून फार लवकर येणारही नव्हतं, सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. शेजारच्या खोलीतल्या मित्राला उठवून दाखवलं. तो म्हणाला, “हे काय, नुसते आकडे तर आहेत,” आणि परत झोपला.

परीक्षेला एक्स्टर्नल सरांनी ब्राउझरमधलं तापमान बघितलं, मग केबल बघितली. “इथरनेट कुठाय?” म्हणाले. मी स्लिपचं सांगायला लागलो, तर ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “थांब, थांब. हे मी मोडेमवर वापरलंय.” पुढची दहा मिनिटं तेच बोलत होते.