पालकांचा विश्वास आणि अज्ञानांचे संरक्षण : रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेली एक शिक्षणपरंपरा

इ. स. १८७५ च्या सुमारास दापोली तालुक्यातील मुरूडचा धोंडो केशव कर्वे हा विद्यार्थी परीक्षेस बसण्यासाठी घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेला. तेथे त्यास परत पाठविण्यात आले; कारण इतकेच की त्याचे वय भरलेले दिसत नव्हते. वस्तुतः ते भरलेले होते. त्याच १८७५ साली हिंदुस्थान सरकारने सज्ञानतेचा कायदा करून अठरा वर्षांची मर्यादा सर्वसाधारणपणे ठरवून दिली. पण जन्मनोंदीची सोय नसलेल्या समाजात वय हे पुष्कळदा पाहणाराच्या नजरेवर अवलंबून असे. पुढे याच कर्व्यांनी उभारलेल्या संस्थांत कोवळ्या वयाच्या शेकडो मुली घर सोडून राहावयास आल्या. अज्ञान मुलीचे संरक्षण म्हणजे नेमके कशाचे संरक्षण, हा प्रश्न त्या संस्थांच्या इतिहासात वारंवार डोके वर काढतो.

त्याचे पहिले उग्र स्वरूप कर्व्यांच्या संस्थेत नव्हे, तर पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात दिसले. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले हे सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन रमाबाईंनी दिले होते, आणि त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इत्यादी सुधारक सल्लागार मंडळात बसले होते. रमाबाई आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करीत. ज्या मुली तेथे येऊन बसत त्यांना त्या हाकलून देत नसत. १८९३ साली यावरून वादळ उठले, मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही पक्षांना आपापली बाजू होती. घरापासून दूर, सर्वस्वी संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलीची संमती कितपत स्वतंत्र मानावी, ही सल्लागारांची शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु मुलीच्या मनावर दडपण आले की काय, यापेक्षा पालकास दिलेला शब्द मोडला की काय, यावरच सारा भर राहिला. ज्या घरी त्या परत गेल्या तेथे त्या सुरक्षित होत्या की नाहीत, ही चौकशी कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमात नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या कायद्याने महाराष्ट्र ढवळून निघाला होता, आणि त्याच्या विरोधाचे नेतृत्व रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांकडे होते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी कर्व्यांनी १८९३ च्या मार्चमध्येच पुनर्विवाह केला होता. त्यापायी मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. असा मनुष्य १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची योजना मांडतो, तेव्हा पालकांनी आपली विधवा लेक त्याच्या हवाली का करावी? याचे उत्तर कर्व्यांनी शारदासदनाच्या अनुभवावरून शोधलेले दिसते. आश्रमाचे काम त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने अलग ठेवले. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला, तरी आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंचे बिऱ्हाड पुण्यातच राहिले आणि कर्वे कॉलेजचे अध्यापन सांभाळून पायी हिंगण्यास जात-येत. उलटपक्षी आनंदीबाईंची धाकटी बहीण, देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, या केशवपन झालेल्या विधवा. त्यांना आश्रमात मानाचे व जबाबदारीचे स्थान मिळाले आणि वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या. जुन्या वळणाच्या घरांत त्यांच्या वेषानेच निम्मे काम केले असावे. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एक आश्रमाबाहेर आणि दुसरी आश्रमाचा आधारस्तंभ, ही विभागणी पालकांचा विश्वास टिकविण्याची किंमत होती. ती आनंदीबाईंनी मोजली.

या धोरणास भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण १८९३ मध्ये मुली काढून नेल्या गेल्या तेव्हा त्यांचे शिक्षणही तेथेच थांबले, हे कर्व्यांनी पाहिले होते. हिंगण्यात ते थांबले नाही. गावापासूनचे अंतर, स्त्रियांचीच देखरेख, आल्यागेल्यावर नजर ही बंधने मुलीला जितकी कोंडीत, तितकीच तिला शिकण्यास अवधी देत. १९०७ मध्ये कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले, ते प्रारंभी विधवांच्या आश्रमापासून निराळे ठेवण्यात आले. लोकसमजुतीचा दाब येथेही दिसतो. पण त्या आडोशानेच मुलीचे लग्न दोन-चार वर्षे लांबत होते, आणि त्या काळी याहून मोठे संरक्षण दुसरे नव्हते. विवाहासाठी मुलीला चौदा वर्षांची किमान मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ पर्यंत यावयाचा होता.

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे हे मुर्डीचे, तर कुलपती डॉ. भांडारकर. मालवणात जन्मलेले भांडारकर रत्नागिरीत शिकले आणि तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापकही झाले होते. शारदासदनाच्या मंडळाचा राजीनामा देणारे ते हेच गृहस्थ होत. तेवीस वर्षांपूर्वी ज्यांनी पालकांच्या वतीने अविश्वास नोंदविला, त्यांचेच नाव आता पालकांना हमी देत होते.

त्या मुलींचा स्वतःचा आवाज मात्र फार उशिरा कागदावर उतरला. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ मधली, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ मधले. दोन्ही प्रौढ स्त्रियांनी मागे वळून केलेली कथने आहेत.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांचे युवककार्य वाढले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली आणि गावोगावची निवासी शिबिरे तिच्याबरोबर आली. १९७५ पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग महाविद्यालयांच्या आवारातही भरू लागले. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात खेड्यांतून शहरात खोली घेऊन राहणारी सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली त्यामुळे महाविद्यालयीन जीवनाच्या कक्षेत आली. कायद्याने ती अज्ञान. वागणुकीत मात्र त्यांना प्रौढ गणले जाई. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने हा घोळ एका बाबतीत मिटविला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरली. शैक्षणिक संस्थेतील व्यवस्थापनाने वा नोकरवर्गाने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला गेला. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांस न कळविणारा संस्थाप्रमुख शिक्षेस पात्र झाला, मग संस्थेच्या वा पालकांच्या अब्रूची सबब कितीही मोठी असो. आणि बालकाचा जबाब त्याच्या राहत्या घरी किंवा त्याने पसंत केलेल्या जागी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा, असे कलम चोविसात लिहिले गेले.