किराणा दुकानाची ज्ञानकोशातील नोंद

इतिहासाच्या व्याख्यानाला जमलेल्या मंडळींना किराणा दुकानाची हकीकत सांगावी, हे काहींना विनोदाचे वाटेल. आपल्या जुन्नर तालुक्यात इतिहास म्हणजे शिवनेरी आणि लेणी. परंतु नाणेघाटात पाहुण्यांना नेऊन जकातीचा म्हणून जो दगडी रांजण आपण दाखवतो, तोही अखेर व्यापाराचीच गोष्ट सांगतो. माल कोणी वाहिला, त्यावर कोणी काय घेतले, हे प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचे असले म्हणजे ते संशोधन ठरते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे असले म्हणजे त्यांस आपण वाणसामानाची यादी म्हणतो.

प्रसंग असा घडला. ओतूरमधील तीन-चार कॉलेजची मुले आणि डी.एड. करणारी एक मुलगी आमच्याकडे एक टिपण घेऊन आली. मुंबईच्या 'अपना बाजार'वर ज्ञानकोशासाठी नोंद लिहावयाचे त्यांनी ठरवले होते. आमचे वडील गिरणीत होते, आमचे स्वतःचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, शाळा अर्धवट सुटली तरी वाचन सुटले नाही, तेव्हा हे काका तपासून देतील असा त्यांचा समज. टिपण दोन पानांचे होते. दुकानाच्या वेळा, सणासुदीच्या सवलती, पदाधिकाऱ्यांची नावे, मिळालेली मानचिन्हे, 'भारतातील पहिले सहकारी दुकान' असा एक दावा, आणि 'ग्राहकांच्या मनात अढळ स्थान' हे वाक्य दोनदा. आम्ही तांबडी पेन्सिल घेतली आणि जवळजवळ सगळे खोडले. वेळा बदलतात, सवलत दिवाळीनंतर संपते, आणि मनातले स्थान मोजावयाचा तराजू अजून कोणी घडवलेला नाही.

खोडणे सोपे गेले. मुलांनी विचारले, "मग घालायचं काय?"

हा प्रश्न मराठीत नवा नव्हे. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत समाजशास्त्र शिकून परतले आणि वर्गणीदार गोळा करीत त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड तडीस नेले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील कोशात जागा मोजकी असते. एक ओळ आत आली की दुसरी बाहेर जाते. म्हणून आम्ही मुलांना एवढेच सांगितले की, प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही नसली तर वाचणाऱ्याचे काय अडेल?

आता या कसोटीला 'अपना बाजार' लावून पाहू. दुसऱ्या महायुद्धात धान्य दुर्मिळ झाले, काळाबाजार बोकाळला, आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. गिरणगावातील कामगार पगार होईपर्यंत वाण्याच्या वहीवर जगे. भाव वाणी सांगेल तो, वजन वाणी करील ते, आणि वहीत आकडा वाणी लिहील तो. या स्थितीत १९४८ साली नायगाव येथे गिरणी कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे दुकान काढले. त्याचे कागदोपत्री नाव मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था. इतके लांब नाव कोणाच्या तोंडी बसणार? लोकांच्या तोंडी बसले ते 'अपना बाजार'. रेशनिंग आणि वही या दोन गोष्टी नोंदीतून काढल्या तर हे दुकान आभाळातून पडल्यासारखे दिसते. तेव्हा त्या राहिल्या.

'पहिले' हा शब्द मात्र गेला. इंग्लंडात रॉचडेल गावी २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, १८४४ च्या डिसेंबरात लोणी, साखर, पीठ असा मोजक्या जिनसांचा माल मांडून दुकान उघडले होते. आपल्याकडे मद्रासला ट्रिप्लिकेन येथील ग्राहक संस्था १९०४ सालची. त्याच वर्षीचा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. दुकानासारख्या इतर संस्थांना कायद्याचे दार १९१२ साली उघडले. मुले हिरमुसली. आपले ते पहिले नव्हे, हे लिहिताना कोणाचाही हात जड होतो. परंतु रॉचडेलचा धागा जोडल्यावर नायगावचे दुकान आम्हाला लहान वाटले नाही. कापड विणणाऱ्यांनीच तेथेही तराजू हाती घेतला होता.

रॉचडेलकरांचा एक कडक नियम होता: उधारी नाही. सभासदाला नफ्यातून खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळे, पण माल रोखीने. यावर आम्ही थोडे थांबलो. वडील नायगावहून रोखीने साखर आणीत. तरी महिनाअखेरीस वाण्याची वही उघडावीच लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्या काळात आमच्या घरी तांदूळ शिजला तो ज्या वाण्याला आम्ही सभांतून शिव्या घातल्या त्याच्याच उधारीवर. हे आम्ही व्यासपीठावरून पूर्वी कधी बोललो नव्हतो. आज बोललो. नोंदीत मात्र ते घालता येत नाही; ती आमच्या घरची साक्ष आहे, एका घराची.

आणि येथेच आमची फजिती झाली. दुसऱ्याचे खोडून झाल्यावर आम्ही स्वतः लिहावयास बसलो. आधुनिक दुकान-साखळ्यांवर दोन परिच्छेद लिहिले. काही वर्षांपूर्वी अशा एका मोठ्या दुकानातील मुलींची आम्ही संघटना बांधली होती. दहा-दहा तास उभे राहून त्यांचे पाय सुजत. मागणी एका स्टुलाची होती, आणि तिच्यापायी सहा जणींना घरी बसवण्यात आले. हे सर्व आम्ही तिखटमीठ न लावता लिहिले होते. डी.एड.वाली मुलगी वाचून म्हणाली, "काका, हे छापून कुठं आलंय?"

कोठेही आले नव्हते. आमच्या पत्रकाखेरीज.

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. जे छापले जात नाही ते घडलेच नाही काय? परंतु रात्री विचार केला तेव्हा तिचेच म्हणणे पटले. मालकाच्या माहितीपत्रकातली स्तुती आम्ही खोडली ती मालकाने स्वतःविषयी लिहिली म्हणून. आमची तक्रार आम्हीच लिहिली होती. एकाच मापाने दोघांचे मोजायचे तर दोन्ही परिच्छेद जायला हवेत. ते गेले. त्यांच्या जागी, दुकानकामगारांच्या स्वतंत्र नोंदीसाठी म्हणून, एक वाक्य सापडले: तमिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कामगारांना बसण्याची सोय करणे बंधनकारक केले. हे कायद्याच्या पुस्तकात आहे, कोणीही पाहून घ्यावे. तसेच १९६९ चा माथाडी कायदा. किराणा बाजारात पोती वाहणारे कितीतरी हात आपल्या जुन्नर-आंबेगावचे. त्यांची मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत मिळू लागला तो या कायद्याने. शेल्फावरचा कांदा ओतूरच्या बाजार आवारातून कोणाच्या डोक्यावरून गेला, हे तेथे कळते.

दुसरा वाद उत्तरार्धाचा. १९९९ साली राधाकिशन दमाणी यांनी नेरूळ येथे 'अपना बाजार'ची एक शाखा करारावर चालवावयास घेतली होती. २००२ साली त्यांनी पवईला स्वतःचे 'डीमार्ट' उघडले, आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. पुढच्या काळात सहकारी दुकानाचा पसारा आक्रसला आणि साखळीचा वाढला. मुलांचे म्हणणे, कामगारांच्या संस्थेच्या नोंदीत भांडवलदाराचे नाव कशाला? आम्ही हट्टाने घालावयास लावले. सहकाराच्या दारातून आत येऊन एक व्यापारी काही पाहून गेला आणि त्याने वेगळी वाट धरली, ही गोष्ट दोन्ही नोंदींत असली पाहिजे. ती वगळणे म्हणजे आपली हार झाकणे.

हार का झाली, यावर आमच्यात एकमत झाले नाही. गिरण्या बंद पडल्या आणि गिऱ्हाईक उपनगरांत विखुरले, असे आम्ही म्हणतो. संस्था माल स्वस्तात घेण्यात मागे पडली, असे एक मुलगा म्हणाला. त्याचे वडील ओतूरलाच किराणा चालवतात, तेव्हा तो हिशेबाने बोलत होता. नोंदीत आम्ही दोन्ही कारणे लिहिली नाहीत. पसारा कमी झाला, एवढेच वाक्य ठेवले आणि त्यापुढे अर्धी ओळ कोरी सोडली. मुलांनी परवा ती वही पुन्हा आणून दिली. नायगावला जाऊन जुने वार्षिक अहवाल पाहावेत असे त्यांच्या मनात आहे, आणि एस.टी.चे भाडे कोणी द्यावयाचे यावर चर्चा चालू आहे.