जुनं डायव्हर घड्याळ घेताय? पैसे पाठवण्याआधी एवढं तपासा

गोंदिया, तिरोडा किंवा देवरीत बसून जुनं डायव्हर घड्याळ घ्यायचं ठरवलं, तर ते मनगटाआधी मोबाइलच्या स्क्रीनवर भेटतं. चार फोटो, एक यूपीआय नंबर आणि खाली ठरलेलं वाक्य : "ओरिजिनल सेको, एकदम चालू कंडिशन, फिक्स रेट." चालू असल्याचं खरंही असतं. पण जुन्या डायव्हरची किंमत ते चालतं की नाही यावर फार थोडी ठरते. बंद मशीन दुरुस्त करता येतं. बदललेली डायल आणि पॉलिश मारून गोल झालेली केस मात्र पुन्हा मूळची होत नाही. बहुतेकांचे पैसे बुडतात ते इथे.

डायव्हर म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ. ब्लँकपेनचं 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचं 'सबमरिनर' ही दोन्ही १९५३ची. जपानच्या सेकोने पहिलं डायव्हर १९६५ साली काढलं, १५० मीटरचं. फिरणारी बेझेल, अंधारात दिसणारे जाड काटे आणि पाणी न शिरू देणारी केस ही या घराण्याची ओळख. पाण्याखाली किती मिनिटं झाली हे बेझेलवर बघायचं. डायलवर नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं म्हणून घड्याळ डायव्हर होत नाही.

आपल्याकडे हा घोळ नावावरूनही होतो. १७३७ची परंपरा सांगणारी स्विस कंपनी 'फेवर ल्यूबा' १८६५ पासून मुंबईत होती. त्यामुळे तिची 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही घड्याळं महाराष्ट्रात अनेक घरांत आजोबांच्या कपाटात सापडतात. नावात 'सी' असलं तरी ती रोज चावी द्यायची, ऑफिसला घालायची साधी घड्याळं. याच कंपनीचं खरं डायव्हर म्हणजे १९६४चं 'डीप ब्लू'. १९६८चं 'बॅथी' तर पाण्याची खोली काट्यावर दाखवायचं. ही दोन्ही सहज मिळत नाहीत. 'सी चीफ'ला कुणी डायव्हरचा भाव सांगत असेल, तर संवाद तिथेच थांबवायला हरकत नाही.

आणखी एक नाव माहीत हवं : 'मुंबई स्पेशल'. जगभरचे संग्राहक हा शब्द वापरतात, आणि तो कौतुकाचा नाही. जुनं मशीन घ्यायचं, त्यावर नवी छापलेली भडक डायल बसवायची, काटे तिसऱ्याच घड्याळाचे लावायचे, केस चकचकीत करायची आणि व्हिंटेज म्हणून विकायचं, असा हा प्रकार. लाल, निळी, केशरी नवीकोरी डायल आणि मागच्या झाकणावर पन्नास वर्षांची झीज, असं जोडपं दिसलं की सावध व्हा. घालायला असं घड्याळ वाईट नसतं. फक्त ते दोन-तीन हजारांच्या हौसेचं आहे की तीस हजारांच्या संग्रहाचं, हे आधी कळायला हवं.

शोध कसा घ्यायचा, हे एका मॉडेलवरून पाहू. भारतात हमखास दिसणारं डायव्हर म्हणजे सेको ६३०९-७०४०. फुगीर केसमुळे संग्राहक त्याला 'टर्टल', म्हणजे कासव म्हणतात. ते १९७६ ते १९८८ या काळात बनलं. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे, आणि दोन्ही मागच्या झाकणावर कोरलेले असतात. तिथेच सहा आकडी सिरियल नंबर असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही इंग्रजी अक्षरं). पहिला आकडा १ असेल तर वर्ष १९८१. ६, ७ किंवा ८ असेल तर मात्र दोन दशकं शक्य आहेत : ७ म्हणजे १९७७ किंवा १९८७. विक्रेता अशा घड्याळाला '१९७२चं' म्हणाला, तर त्याला मॉडेलच माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याने धरलं आहे.

आता डायल. तळाला, सहाच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत एक कोड असतो. त्याची सुरुवात ६३०९नेच व्हायला हवी. पुढचे आकडे केसच्या आकड्यांपेक्षा थोडे वेगळे असू शकतात, त्याने घाबरू नका. कोडच नसेल किंवा अक्षरं फुटकी, जाडीभरडी असतील तर डायल नंतरची आहे. या मॉडेलच्या नकली डायल, काटे आणि बेझेल बाजारात ढिगाने मिळतात.

मशीनसाठी एक सोपी युक्ती आहे. ६३०९ मध्ये चावी पूर्ण बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, आणि चावी फिरवून स्प्रिंगही भरता येत नाही; घड्याळ हलवूनच चालू करावं लागतं. विक्रेत्याकडून चावी ओढतानाचा व्हिडिओ मागवा. काटा थांबला, तर आत नंतरच्या काळातलं मशीन बसवलं आहे. या एका व्हिडिओने निम्मी चर्चा मिटते.

स्विस घड्याळांत चमक बघा. जुन्या डायलवर आधी रेडियम आणि मग ट्रिटियम वापरलं जायचं. ट्रिटियमच्या डायलवर तळाशी बहुधा 'टी' हे अक्षर असतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे १९७०ची अशी डायल आज जवळपास विझलेली असणार. ती हिरवीगार चमकत असेल तर रंग नव्याने भरलाय. रेडियमचं उलट आहे : चमक गेली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो. असं घड्याळ घरी उघडून डायल खरवडू नका, ती धूळ पोटात किंवा फुप्फुसांत जाणं घातक आहे.

बिल किंवा डबा नाही म्हणून लगेच संशय घ्यायचं कारण नाही. त्या काळी परदेशी घड्याळं बऱ्याचदा आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा चोरट्या मार्गाने येत. बिल असणार कुठून? उलट, जुनाट घड्याळासोबत कोरा करकरीत डबा दिसला तर प्रश्न विचारा. 'नेव्हीतलं आहे' या गोष्टीचेही कागदाशिवाय एक रुपया जास्त देऊ नका.

किंमत काढताना लोक मागितलेले भाव बघतात. ते काहीही असू शकतात. ईबेवर विकून झालेल्या वस्तूंचा वेगळा फिल्टर आहे. तिथे तेच मॉडेल, तशीच अवस्था असलेले पाच-सहा सौदे शोधा आणि सर्वांत वरचा व सर्वांत खालचा सोडून द्या. परदेशातून मागवणार असाल तर पोस्टेज, कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरा. समजा, मूळ डायलच्या घड्याळाला ४० हजार मिळाले आणि तुमच्या समोरच्याची डायल बदललेली आहे. मग ४० हजारांतून नव्या डायलचे दोन हजार वजा करायचे नसतात. ते घड्याळ वेगळ्याच गटात गेलं. त्याची तुलना बदललेल्या डायलच्या घड्याळांशीच करायची. सर्व्हिसिंगचा खर्च मात्र सरळ वजा करा. 'नुकतंच सर्व्हिस केलंय' याला पावती नसेल, तर झालेलं नाही असंच समजा.

शक्य असेल तर घड्याळ नागपूरला प्रत्यक्ष बघून घ्या. गोंदियाहून गाडीने काही तासांचं काम आहे. गावातल्या अनुभवी घड्याळजीसमोर मागचं झाकण उघडून घेतलं तर गंज आणि पाण्याचे डाग लगेच दिसतात. पार्सलनेच येणार असेल तर उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपा. फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच कळवा. विक्रेता व्यापारी असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हौशी माणसाने घरातलं जुनं घड्याळ विकलं असेल, तर हा कायदा सहसा लागू होत नाही.

घड्याळ हातात आलं की पहिला मोह नवेगावबांधच्या तलावात उतरण्याचा. आतली रबराची रिंग चाळीस वर्षांत कडक होऊन तडकते, त्यामुळे डायलवर १५० मीटर लिहिलेलं असलं तरी नवी रिंग बसवून दाबाची तपासणी होईपर्यंत हात धुतानासुद्धा ते काढून ठेवा.