बंदुकीचा परवाना कसा काढायचा? शेतीसंरक्षणापासून रिव्हॉल्व्हरपर्यंत, आणि वारसाने काय करायचं, वाचा सविस्तर

भात पोटरीत आलं की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. माकडं नारळ-केळी ठेवत नाहीत, गवे एका रात्रीत उभं पीक तुडवून जातात. मग गावात विषय निघतो तो बंदुकीचा. कोकणात अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक आजही आहे. पण तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपली, तो माणूस हयात आहे का, हे बऱ्याच घरांत कोणी बघितलेलंच नसतं. गोत्यात येणारे बहुतेक इथेच येतात.

मुळात एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. आणि तो ठराविक कारणासाठी असतो. बापाच्या नावावरचा परवाना मुलाला चालत नाही.

कायदा कोणता?

देशभर शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. २१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र घेता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

कोणत्या कारणासाठी कोणतं शस्त्र?

शेतीसंरक्षण : पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. हा परवाना नेमून दिलेल्या शेतजमिनीपुरता असतो. बंदूक खांद्याला लावून दुसऱ्या गावात जाता येत नाही. हद्दीवरच्या गावांतल्या लोकांनी तर विशेष जपावं, कारण ओढा ओलांडला की गोवा लागतो. परवान्यावरचा ‘क्षेत्र’ हा रकाना आधी वाचावा.

स्वसंरक्षण किंवा खेळ, गुळगुळीत नळीची बंदूक : बारा बोअरची बंदूक या प्रकारात येते. नळी किमान २० इंच असावी लागते.

रिव्हॉल्व्हर व पिस्तूल : यासाठी निकष कडक आहेत. धंदा, नोकरी किंवा अन्य कारणाने जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका आहे, हे दाखवावं लागतं. सैन्यात सेवा केलेले, नेमबाजीचे खेळाडू यांचाही विचार होतो. सामान्य माणसाला साधारणपणे ०.३२ बोअरचं हत्यार मिळू शकतं. ९ मिमी पिस्तूल किंवा ०.३०३ रायफल ही प्रतिबंधित बोअरची शस्त्रं आहेत. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा.

इथे कायद्यानेच फरक केला आहे. पीक राखायची ठासणीची बंदूक किंवा संरक्षणाची लांब नळीची बंदूक मागितली आणि नाकारण्याचं कारण नसलं, तर परवाना ‘द्यावा’ अशी कायद्याची भाषा आहे. रिव्हॉल्व्हरला मात्र अधिकाऱ्याला सबळ कारण पटलं तरच परवाना. म्हणून डुकरांसाठी रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याचा अर्ज बहुधा तिथेच अडकतो.

एअरगनबद्दलही गैरसमज आहे. ०.१७७ बोअरपेक्षा मोठी किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन असेल तर तिलाही परवाना लागतो. दुकानदार किंवा ऑनलाइन विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी खोक्यावरचा आकडा आपण बघावा.

अर्ज कुठे आणि कसा?

ग्रामीण भागात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी. काम गृह शाखेतून चालतं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो. प्रत्येक परवानाधारकाला या यंत्रणेत एक स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो.

सोबत साधारणपणे ही कागदपत्रं लागतात :

- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो
- जन्मतारखेचा, ओळखीचा व रहिवासाचा पुरावा
- शरीर व मन ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला (नमुना एस-३)
- शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला (नमुना एस-१)
- शस्त्र घरात सुरक्षित कसं ठेवणार याची हमी
- शेतीसंरक्षणासाठी सातबारा, ८-अ आणि पीक नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर त्यांच्या प्रती
- स्वसंरक्षणासाठी धमकी, हल्ला, चोरी याबाबत पोलिसात दिलेल्या तक्रारींच्या प्रती

अर्ज गेला की पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. गुन्हे आहेत का, गावात वागणूक कशी, घरात भांडणं आहेत का, खरोखर गरज आहे का, हे पाहिलं जातं. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात उशीर होतो. म्हणून अर्जाची पोच आणि क्रमांक जपून ठेवावा, महिन्याने लेखी विचारणा करावी. ‘साहेबांशी बोलून काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत. सही शेवटी पोलीस अहवाल बघूनच होते.

अर्ज नाकारला तर?

नाकारण्याची कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर मागितल्यावर ती अर्जदाराला द्यावीही लागतात. आणखी एक गोष्ट गरीब शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. हे कायद्याच्या कलम १४ मध्येच लिहिलेलं आहे. निर्णय मान्य नसेल तर कलम १८ खाली अपील करता येतं. त्याची मुदत ३० दिवस. तोंडी ‘नाही होणार’ ऐकून घरी येऊ नये, लेखी आदेश मागावा. कागदच नसेल तर अपील कशावर करणार?

आजोबांची बंदूक आणि वारस

परवानाधारक वारला की घरातल्या दुसऱ्या कोणाला ती बंदूक ठेवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. माळ्यावर पडून असली, गंजलेली असली, कोणी वापरत नसलं, तरी ती विनापरवाना बाळगलेली बंदूक ठरू शकते. पुढे भावकीत वाटणीवरून वाद झाला आणि कोणी तक्रार केली, की गुन्हा घरात असलेल्या माणसावर दाखल होतो.

त्यामुळे दिवसकार्य आटोपलं की बंदूक, काडतुसं आणि मूळ परवाना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानात जमा करावी आणि पावती घ्यावी. कायद्याच्या कलम २१ मध्ये ही सोय आहे. नंतर वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि बाकी वारसांची ना-हरकत जोडावी. परवाना झाला की बंदूक परत मिळते.

परवानाधारक हयात असतानाही सोय आहे. त्याचं वय ७० झालं असेल किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवाना मागता येतो. घरात वयस्क परवानाधारक असेल तर हे काम त्यांच्या हयातीतच उरकावं. सही करायला माणूस समोर असतो, भावांचीही संमती मिळते.

परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतं का?

नाही. बंदुकीचा परवाना वेगळा आणि वन्यप्राणी मारण्याची परवानगी वेगळी. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याबाबत या कायद्याच्या कलम ११ खाली वनविभाग लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. प्राणी अंगावर आला आणि जीव वाचवताना मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. पण मेलेला प्राणी सरकारजमा असतो, मटणाचे वाटे घालता येत नाहीत. घटना लगेच वनरक्षकाला कळवावी.

पीक नुकसानीची भरपाई हवी असेल तर वाट न बघता त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. हेच पंचनामे पुढे बंदुकीच्या अर्जालाही कामी येतात. कुंपणात थेट वीज सोडणं किंवा डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवणं हे बेकायदा तर आहेच, पण त्यात शेजाऱ्याची गुरं आणि पहाटे पाणी धरायला निघालेली माणसंही मरतात.

शिक्षा काय?

- विनापरवाना साधी बंदूक किंवा पिस्तूल बाळगणं : किमान २ वर्षं, कमाल ५ वर्षं कैद आणि दंड
- प्रतिबंधित शस्त्र बाळगणं : किमान ७ वर्षं, कमाल १४ वर्षं
- गावठी कट्टा बनवणं किंवा विकणं : किमान ७ वर्षं ते जन्मठेप
- लग्नात, वरातीत बेफिकीरपणे हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणं : २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परवाना असला तरीही
- परवान्याच्या अटी मोडणं : ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, शिवाय परवाना रद्द होऊ शकतो

वाढदिवसाला तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांवरही याच कायद्याखाली गुन्हे दाखल होतात. कोयता, काठी ही शेतीची, घरची साधनं शस्त्रात धरत नाहीत. पण तोच कोयता रस्त्यात नाचवून दहशत केली तर पोलीस सोडत नाहीत.

परवानाधारकाने एवढं करावं

- मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवावी.
- बंदूक रिकामी करून कुलुपात ठेवावी, काडतुसं वेगळ्या जागी. पोरांचा हात पोचेल अशी खुंटी नको.
- बंदूक कोणाला उसनी देऊ नये, अगदी मुलालाही नाही. दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी दुसऱ्याने न्यायची असेल तर परवानाधारकाचं लेखी पत्र सोबत द्यावं.
- दारू, काडतुसं परवानाधारक दुकानातूनच घ्यावीत, पावती ठेवावी. किती घेता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं.
- बंदूक हरवली, चोरीला गेली तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावं.
- निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत जमा करून पावती घ्यावी, आचारसंहिता संपल्यावर त्याच पावतीवर परत आणावं.

घरात बंदूक असेल तर आज संध्याकाळी परवान्याचं पुस्तक काढून तीन गोष्टी वाचाव्यात : नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, क्षेत्र कोणतं. यातलं एक जरी जुळत नसेल, तर सोमवारी पहिलं काम पोलीस ठाण्याचं.