आरमाराचा तोल : फ्रीसिव्हमधल्या जहाजांचं गणित



थंडी सुरू झाली की आपली मुलं घरात आणि कॉम्प्युटर चालू, हे चित्र घरोघरी सारखंच. आमच्याकडे दोन-तीन घरची मुलं शनिवारी एकत्र फ्रीसिव्ह खेळतात. गेल्या महिन्यात मात्र खेळ मोडला. थोरल्याने आधी बॅटलशिप बांधली, धाकट्याच्या डिस्ट्रॉयर एकामागून एक बुडाल्या आणि "मी परत खेळणार नाही" म्हणून तो उठून गेला. कोणी लबाडी केली नव्हती. मग चुकलं कुठे? आम्ही मोठी माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

थोडी पार्श्वभूमी

१९९१ च्या मूळ 'सिव्हिलायझेशन'मध्ये लढाईचा निकाल एकाच फाशावर लागे, त्यामुळे भालेवाले कधीकधी बॅटलशिपलाही हरवत! १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हिट पॉइंट आणि फायरपॉवर आले. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला फ्रीसिव्ह हा मोफत खेळ याच पद्धतीने चालतो.

लढाई कशी होते?

लढाईत अनेक फेऱ्या होतात. हल्ल्याचं बळ ह आणि बचावाचं ब असेल, तर हल्लेखोर एक फेरी जिंकण्याची शक्यता ह ÷ (ह + ब). फेरी हरणाऱ्याचे हिट पॉइंट जिंकणाऱ्याच्या फायरपॉवरइतके कमी होतात. शून्यावर आला तो बुडाला.

क्लासिक नियमांतले आकडे (हल्ला-बचाव, हिट पॉइंट, फायरपॉवर, किंमत) :

- डिस्ट्रॉयर : ४-४, ३०, १, ६०
- क्रूझर : ६-६, ३०, २, ८०
- बॅटलशिप : १२-१२, ४०, २, १६०

बॅटलशिप विरुद्ध डिस्ट्रॉयर : बॅटलशिप चारपैकी तीन फेऱ्या जिंकते. तिला १५ फेऱ्या जिंकायच्या, डिस्ट्रॉयरला ४०. बॅटलशिपच्या १५ होईपर्यंत डिस्ट्रॉयर सरासरी ५ जिंकते, म्हणजे बॅटलशिपचे ५ हिट पॉइंट जातात. एक बॅटलशिप बुडवायला सुमारे ८ डिस्ट्रॉयर, म्हणजे १६० च्या जहाजासाठी ४८० चा खर्च! धाकट्याचा राग खराच होता.

समान खर्चाची कसोटी

तोल तपासायची सोपी रीत म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच पैसा द्यायचा. १६० मध्ये दोन क्रूझर येतात. बॅटलशिपशी लढताना क्रूझर तीनपैकी एक फेरी जिंकते. स्वतः बुडण्याआधी ती सरासरी १५ हिट पॉइंट घेते, दोघी मिळून ३०. बॅटलशिप १० शिल्लक ठेवून तरते, आणि मग बंदरात दुरुस्त होऊन परत येते.

उपाय दोन. बॅटलशिपचे हिट पॉइंट ४० वरून ३० करायचे, म्हणजे दोन क्रूझरशी लढत साधारण बरोबरीची होते. किंवा किंमत २१० च्या आसपास न्यायची. फ्रीसिव्हचे नियम साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात, त्यामुळे बदल सहज करता येतो. मात्र एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

किनारा विसरू नका

शहरात 'कोस्टल डिफेन्स' बांधलं की जहाजांविरुद्धचा बचाव दुप्पट होतो. हे आपल्याला नवीन नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी कान्होजी आंग्र्यांचा किल्ला पडला नाही. मोठी जहाजं असली म्हणजे किनारा जिंकला असं नाही!

आम्ही हिट पॉइंट ३० केले. गेल्या शनिवारी धाकटा परत आला, चार क्रूझर घेऊन. हरला, पण उठून गेला नाही. "पुढच्या वेळी पाच आणतो" म्हणाला.

तुमच्याकडेही करून बघा, आणि मुलांनाच गणित मांडू द्या. भागाकार आपोआप पक्का होतो!