एका ग्रीक वाद्यवृंदाची वाटचाल

इ. स. २०१८ च्या एप्रिल महिन्यांत जॉर्जिया देशाची राजधानी त्बिलिसी येथील विमानतळावर दोन ग्रीक बंधु उतरले. त्या शहरांत त्यांचा गायनवादनाचा कार्यक्रम ठरलेला होता. परंतु अधिकाऱ्यांनीं त्यांना बाजूस घेतलें, त्यांचीं पारपत्रें काढून घेतलीं आणि सुमारें बारा तास कोठडींत ठेविलें. सैतानाचे उपासक व दहशतवादाविषयीं संशयित अशा लोकांच्या यादींत त्यांचीं नांवें आहेत, असें त्यांस सांगण्यांत आलें. वकील व वृत्तपत्रकार यांनीं धांवपळ केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि ठरलेला कार्यक्रमहि पार पडला. साकिस तोलिस व थेमिस तोलिस हे ते दोन बंधु. त्यांच्यावर कोणताहि गुन्हा शाबीत झालेला नव्हता. त्यांचा जो काय अपराध होता, तो त्यांच्या वाद्यवृंदाच्या नांवांत होता.

तें नांव 'रॉटिंग क्राइस्ट', म्हणजे सरळ मराठींत 'कुजणारा ख्रिस्त'. हें ऐकून कोणाहि श्रद्धावान मनुष्याच्या अंगावर कांटा उभा राहील, आणि त्यांत त्याला दोष देतां येणार नाहीं. नांव असभ्य आहे, हें आधींच मान्य केलेलें बरें. परंतु ज्या मंडळींनीं तें धारण केलें त्यांनीं पुढील पस्तीसांहून अधिक वर्षांत जें संगीत निर्माण केलें, तें ह्या नांवाच्या मापांत मावेनासें झालें. नांव मात्र पायांतील बेडीप्रमाणें जागच्या जागीं राहिलें. पोरवयांत घेतलेला आवेश आणि प्रौढपणीं आलेली समज यांची ही ओढाताण ध्यानांत घेतल्याशिवाय ह्या वाद्यवृंदाचा इतिहास उमगत नाहीं.

असें नांव ग्रीस देशांतच कां जन्मावें, हें समजण्यासाठीं तेथील धर्मसंस्थेचें स्थान पाहिलें पाहिजे. तुर्की अमलाच्या सुमारें चारशें वर्षांत ग्रीक भाषा व ग्रीक अस्मिता यांचा सांभाळ ऑर्थोडॉक्स चर्चनें केला, अशी तेथील लोकांची दृढ समजूत आहे. इ. स. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धानंतर राष्ट्र आणि धर्म हे एकाच वस्त्राचे उभे-आडवे धागे होऊन बसले. इ. स. १९७५ च्या राज्यघटनेचा आरंभच पवित्र त्रिमूर्तीच्या नामोच्चारानें होतो. निकोस कझांतझाकिस हा त्या देशाचा जगन्मान्य कादंबरीकार. परंतु ख्रिस्ताच्या अखेरच्या मोहाविषयीं त्यानें लिहिलेली कादंबरी इ. स. १९५५ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां त्याच्यावर धर्माधिकाऱ्यांचा केवढा रोष झाला! तिच्या आधारें निघालेला चित्रपट इ. स. १९८८ सालीं अथेन्सला आला असतां निदर्शकांनीं चित्रपटगृहांत दांडगाई केली, व पुढें न्यायालयानें त्या चित्रपटास बंदी घातली. इ. स. २००० सालीं सरकारनें ओळखपत्रावरील धर्माचा रकाना काढून टाकला, तेव्हां आर्चबिशप ख्रिस्तोदूलोस यांच्या नेतृत्वाखालीं प्रचंड सभा भरल्या. ईश्वरनिंदेचा गुन्हा तेथील दंडसंहितेंतून नाहींसा झाला तो इ. स. २०१९ मध्यें. जेथें चर्च घराघरांत, शाळेंत आणि कायद्यांत इतकें मुरलेलें असतें, तेथें बंड करूं पाहणाऱ्या पोराच्या हातीं पहिला दगड येतो तो देवळावर मारण्यासाठींच येतो.

हीं पोरें इ. स. १९८७ सालीं अथेन्समध्यें एकत्र आलीं. साकिस गिटार वाजवी व गाई, थेमिस ढोल वाजवी, आणि त्यांचा एक मित्र खर्जाची गिटार सांभाळी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें तिघांनींहि भयंकर टोपणनांवें घेतलीं होतीं. मृत्यु, काळोख आणि सैतान यांवांचून त्या नांवांत दुसरें कांहीं नसे. आरंभींचें त्यांचें वादन 'ग्राइंडकोर' ह्या प्रकारांतलें होतें. वीज खेळविलेल्या गिटारीचा मुद्दाम खरखरीत केलेला स्वर, श्वास घ्यावयास सवड न देणारे ढोलाचे आघात, घशाच्या तळांतून काढलेली गुरगुर, आणि मिनिट-दोन मिनिटांत संपणारीं गाणीं, असें त्याचें स्वरूप. यांत संगीत थोडें आणि राग फार. परंतु ह्या पोरांना एक गोष्ट साधली होती. मोठ्या कंपन्या, वर्तमानपत्रें किंवा नभोवाणी यांपैकीं कोणाचेंहि साह्य नसतां, घरीं मुद्रित केलेल्या ध्वनिफिती टपालानें देशोदेशींच्या समानधर्मी तरुणांस पाठवावयाच्या आणि त्यांच्याकडील फिती मागवावयाच्या, असा एक व्यवहार त्या वेळीं जगभर चालू होता. ह्या टपालाच्या पिशवींतूनच अथेन्सचा हा आवाज युरोपभर पोंचला. पुढें त्यांच्या ध्वनिमुद्रिका फ्रान्स व जर्मनी येथील कंपन्यांनीं काढल्या.

इ. स. १९९१ सालीं 'पॅसेज टु आर्कतूरो' ही लघुमुद्रिका निघाली आणि तींत एकदम निराळा सूर लागला. वेग कमी झाला, काळोख राहिला, आणि त्या काळोखांत प्रथमच चाल ऐकूं येऊं लागली. इ. स. १९९३ मध्यें 'दाय माइटी काँट्रॅक्ट' ही पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका व इ. स. १९९४ मध्यें 'नॉन सर्विअम' ही दुसरी आली. ह्या दुसरीचें नांव लॅटिन असून 'मी सेवा करणार नाहीं' असा त्याचा अर्थ आहे; सैतानानें ईश्वरास दिलेलें उत्तर म्हणून परंपरा तें सांगते. ह्याच सुमारास नॉर्वेमध्यें 'ब्लॅक मेटल' नांवाचा पंथ गाजत होता. तेथील कांहीं तरुणांनीं जुनीं लांकडी चर्चें जाळलीं, एकानें तर आपल्याच सोबत्याचा खून केला. त्या उत्तरेकडील संगीताचा स्वभाव हिमवादळासारखा: थंड, सलग आणि अति वेगवान. अथेन्सच्या मंडळींचा बाज वेगळा होता. 'रॉटिंग क्राइस्ट', 'वाराथ्रॉन', 'नेक्रोमान्तिया' ह्या तीन वाद्यवृंदांनीं मिळून ज्याला पुढें ग्रीक घराणें म्हणावें असें कांहीं उभें केलें. त्यांची लय मध्यम, स्वर ऊबदार आणि गिटारीची चाल जुन्या हेवी मेटलच्या वळणाची. साकिसच्या वादनाची एक खूण तर कोणासहि ओळखतां येईल. गिटारीची तार तो तळहाताच्या कडेनें दाबून धरतो आणि जलद पण आंखूड असे आघात करतो. खालीं ढोल सावकाश चालत असतो आणि वर गिटार घोड्याच्या टापांप्रमाणें धांवत असते. विलंबित ठेक्यावर द्रुत बोल वाजविणारा तबलजी ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना ह्या विरोधांतील मौज सांगावी लागणार नाहीं.

इ. स. १९९६ ते १९९९ पर्यंतच्या तीन मुद्रिकांत चाली अधिक मोकळ्या, अधिक उदास झाल्या. इ. स. १९९७ ची 'ए डेड पोएम' ऐकून जुने चाहते नाराज झाले. ही मंडळी मऊ पडली, अशी कुरकुर झाली. वस्तुतः ह्याच काळांत साकिसला रचनाकार म्हणून पाय रोवतां आले. पुढें इ. स. २००० च्या 'ख्रोनोस'पासून कठोरपणा परत आला, आणि इ. स. २००४ च्या 'सांक्तुस दियाव्होलोस'मध्यें समूहगानाचा वापर वाढला. ह्या मधल्या मुद्रिकांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. पुढें जें घडलें त्याची ती पूर्वतयारी होती.

नांवाचा प्रश्न मध्येंच उसळी घेत असे. इ. स. २००५ सालीं अमेरिकेंतील 'मेगाडेथ' ह्या विख्यात वाद्यवृंदाचा नायक डेव्ह मस्टेन, जो तोंपर्यंत निष्ठावंत ख्रिस्ती झाला होता, त्यानें ग्रीसमध्यें ह्या वाद्यवृंदासह एका मंचावर येण्यास नकार दिला. आणि स्वतःच्याच देशांत तोलिस बंधूंना कार्यक्रमांतून माघार घ्यावी लागली. आपलें नांव एका व्यक्तीवर किंवा श्रद्धावान माणसावर रोखलेलें नसून संघटित धर्माच्या सत्तेवर रोखलेलें आहे, असा खुलासा त्यांनीं अनेकदां केला आहे. तो प्रामाणिकहि असेल. परंतु ज्या नांवाला जन्मभर खुलासा लागतो, तें नांव चांगलें ठेविलें होतें असें म्हणवत नाहीं. त्यांच्या बाजूनें एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, नांव बदलून मोठे मंच मिळविण्याचा मार्ग उघडा असतां त्यांनीं तो पत्करला नाहीं.

इ. स. २००७ ची 'थिओगोनिया' ही खरी कलाटणी. नांव हेसिऑड ह्या प्राचीन कवीच्या देवोत्पत्तिविषयक काव्याचें. वीस वर्षें ज्यांनीं 'नाहीं, नाहीं' म्हटलें, त्यांना आतां 'मग काय?' ह्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें होतें, आणि तें उत्तर त्यांनीं आपल्याच मातींत शोधूं लागण्यास आरंभ केला. गीतांत ग्रीक भाषा आली, रचनेंत पूर्वेकडील स्वरांची वळणें आलीं, मठांतील पठणासारखे पुरुषांचे सामुदायिक स्वर आले. गंमत अशी कीं, ज्या चर्चचा त्यांनीं इतका धिक्कार केला त्याच चर्चच्या बायझंटाइन गानपद्धतीची छाया ह्या स्वरांवर स्पष्ट पडलेली आहे. लहानपणीं कानांवर पडलेलें मनुष्य सहज टाकूं शकत नाहीं.

इ. स. २०१० च्या 'एआलो' ह्या मुद्रिकेंत हा शोध आणखी खोल गेला. ग्रीसच्या वायव्येस एपिरस नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील बहुस्वरी लोकगीतें व मृतांसाठीं गाइलेले विलाप फार जुने मानले जातात. पांच स्वरांत बांधलेली चाल एकजण उचलतो, दुसरा तीस छेद देतो, आणि बाकीचे एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात. त्या आधारस्वराला 'इसो' म्हणतात. तंबोऱ्याच्या षड्जावर ज्यांचे कान पोसले आहेत त्यांना ही रचना परकी वाटूं नये. तोलिस बंधूंनीं अशा वळणाच्या स्त्रियांच्या गायकवृंदास गिटारी व ढोल यांच्या गदारोळांत आणून उभें केलें. ढोलांच्या वर तरंगणारा तो बायकांचा आक्रोश ऐकतांना युद्धाची कल्पना वीराच्या बाजूनें न येतां, मागें राहिलेल्या आयाबहिणींच्या बाजूनें येते. मुद्रिकेच्या शेवटीं ग्रीक वंशाची अमेरिकन गायिका डायामांडा गालास हिची 'ऑर्डर्स फ्रॉम द डेड' ही कृति तिच्याच आवाजांत घेतली आहे. आशिया मायनरमधील ज्या ग्रीक व इतर ख्रिस्ती लोकांची विसाव्या शतकाच्या आरंभीं कत्तल झाली, त्या मृतांच्या मुखानें ती बोलते, इ. स. १९२२ सालीं स्मिर्ना शहर जळालें, ही जखम ग्रीक मनांत अद्याप ओली आहे. 'कुजणारा ख्रिस्त' हें नांव मिरविणारा वाद्यवृंद आपल्या सर्वांत गंभीर क्षणीं कोणासाठीं शोक करतो, तर जे ख्रिस्ती होते म्हणून मारले गेले त्यांच्यासाठीं! ह्या एका गोष्टीनें त्यांच्या टीकाकारांस विचारांत पाडावयास हवें होतें.

ह्यानंतर मात्र शोधाचें क्षेत्र इतकें विस्तारलें कीं, खोली थोडी कमी झाली. इ. स. २०१३ सालीं, देश कर्जाच्या संकटांत बुडालेला आणि शंभरांतील सत्तावीसांहून अधिक कामकरी बेकार असतां, 'काता तोन दैमोना एआफ्तू' ही मुद्रिका निघाली. पॅरिस येथील जिम मॉरिसनच्या थडग्यावर कोरलेले हे ग्रीक शब्द. आपल्या अंतःप्रेरणेशीं इमान राखून, असा त्यांचा भाव. तींत माया लोकांचा पाताळलोक आहे, इंकांची भाषा आहे, बाबिलोनचा गिल्गमेश आहे, रुमानियाचें लोकगीत आहे, आणि मुंबईकरांस पारशी शेजाऱ्यांमुळें परिचित असलेला अहुर मज्दहि आहे. इ. स. २०१६ च्या 'रिचुअल्स'मध्यें युरिपिडीस, बॉदलेर व ब्लेक यांच्या पंक्तीस 'देवदेवम्' नांवाचें एक गीतहि बसलें आहे. तें गाण्यास सिंगापूरच्या 'रुद्र' ह्या वाद्यवृंदाचा गायक आला होता. संस्कृत शब्द अशा कल्लोळांत ऐकून प्रथम कान चपापतात, मग मंत्रपठणाची लय ओळखूं येते. तरीहि एका दिवसांत दहा क्षेत्रें उरकणाऱ्या यात्रेकरूप्रमाणें ह्या मुद्रिकांत कोठें फार वेळ थांबणें होत नाहीं. एपिरसच्या बायकांचा विलाप त्यांच्या रक्तांतला होता. इंकांचा सूर्य पुस्तकांतला आहे. हा भेद कानाला कळतो.

इ. स. २०१९ ची 'द हेरेटिक्स' पाखंडी विचारवंतांस वाहिलेली होती. इ. स. २०२४ च्या मे महिन्यांत त्यांची चौदावी मुद्रिका 'प्रो ख्रिस्तू', म्हणजे 'ख्रिस्तापूर्वीं', प्रसिद्ध झाली. लय संथ, चाली भारदस्त, समूहस्वर विपुल. सदतीस वर्षांच्या श्रमांचा सारा मुरलेपणा तींत दिसतो. नव्या धर्मापुढें न वांकलेल्या जुन्या राजांचें तींत स्मरण आहे, आणि त्यांत प्रमुख आहे रोमन सम्राट ज्युलियन. ज्युलियन ख्रिस्ती म्हणून वाढला, अथेन्समध्यें शिकला, आणि इ. स. ३६१ मध्यें गादीवर येतांच त्यानें जुन्या देवांचीं देवळें पुन्हां उघडलीं. बंडखोरांना तो प्रिय व्हावा, हें साहजिक आहे. परंतु त्याच ज्युलियननें इ. स. ३६२ सालीं एक आज्ञा काढली: जे शिक्षक जुन्या देवांस मानीत नाहींत, त्यांनीं होमर व हेसिऑड शिकवूं नयेत, हवें तर चर्चमध्यें जाऊन मॅथ्यू व लूक शिकवावेत. विमानतळावर नांवासाठीं अडविले गेलेले हे दोघे बंधु ज्या सम्राटाचा गौरव करतात, त्यानें शाळामास्तरांच्या तोंडास कुलूप घातलें होतें. अम्मियानुस मार्सेलिनुस हा इतिहासकार स्वतः जुन्या धर्माचा, ज्युलियनच्या सैन्यांत लढलेला आणि त्याचा मोठा चाहता. तोहि ही आज्ञा कठोर ठरवितो आणि ती कायमची मौनांत पुरून टाकावी असें लिहितो. इ. स. ३६३ च्या उन्हाळ्यांत इराणच्या स्वारींत ज्युलियन भाला लागून मेला, आणि ती आज्ञा लवकरच रद्द झाली.